मोठ्या आईचा आराम

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायांच्या तोंडी थांबण्याचे जितके शब्द ऐकले, तितके पुढे कॉलेजात मराठी घेऊनही माझ्या कानावर आले नाहीत. चिखलात वाकलेली बाई क्षणभर कंबर सरळ करते, तो दम. बांधावर जाऊन पाणी पिते, पायाची जळू काढते, तो विसावा. दुपारी डबे उघडतात, ती सुट्टी. घरी पाहुणे आले किंवा पोराला ताप आला म्हणून बाई आलीच नाही, तर तो खाडा. दमाला कोणी काही म्हणत नाही. विसाव्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहतात. खाडा दुसऱ्या दिवशी ऐकवतात.

आराम हा शब्द मी शेतात एकदाच ऐकला.

सानगडीच्या आसपास रोवणीला जाणारी टोळी माझ्या आईनं जमवली होती. तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी मोठी आई, टोळीत पहिल्यापासून होती. मोठे बाबा गेल्यापासून तिचं घर त्या कामावरच चाले. रोजीचं काम असलं की बाया एकमेकींना सांभाळत. एकीनं दम घेतला तर शेजारीण तिच्या ओळीत चार रोपं लावून देई, कारण वेळ मालकाचा जात असे. पण गुत्ता घेतला, म्हणजे अख्ख्या शेताचं काम ठरल्या पैशांत अंगावर घेतलं, की त्याच बाया बदलत. आता जी थांबे ती सगळ्यांना मागं ठेवी.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात मोठ्या आईचं गर्भाशय काढलं. डॉक्टरनं वाकायला मनाई केली होती. तरी रोवणी लागताच ती आली. एकदा जागा गेली तर दुसरी टोळी तिला घेणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी गुत्त्याचं काम होतं. मी डबे घेऊन बांधावर पोचले तेव्हा मोठी आई एकटीच रेंगाळली होती. रोवताना बाया उलट्या पावलांनी मागं सरकतात. तिच्या दोन्ही बाजूच्या ओळी कधीच तिच्या पाठीमागं पोचल्या होत्या. मग आमच्या टोळीत रेंगाळणारीला करतात तेच झालं. दोन्हीकडच्या बायांनी तिच्या पाठीमागून रोपं लावून ओळी जोडून टाकल्या. चहूबाजूंनी रोवलेलं धान, मध्ये चिखलाचा एक तुकडा आणि त्यात ती. याला कोंडणं म्हणत.

"दम घेऊन राहिली का झोपून राहिली वो?" एकीनं विचारलं.

"आता घोड्यावर नवरदेव येईन तिले काढाले!"

सगळ्या हसल्या. मोठी आईही हसली. "हसा, हसा. तुमचंबी पोट चिरन कोणीतरी," ती म्हणाली. एक हात पोटावरच होता.

आई हसली नाही. उजवीकडून ओळ जोडणारी तीच होती. हातातली रोपं संपवून ती उभी राहिली आणि थोरल्या जावेशी बोलतात तशा अदबीनं म्हणाली, "बाई, तुमी आता आराम करा."

"किती दिस?"

"आराम करा म्हटलं ना."

हसणं थांबलं. मोठी आई सरळ उभी राहिली.

"अन् माह्या जागी?"

आईनं बांधाकडे मान वळवली. "पोरगी हाये ना."

मोठ्या आईनं लुगडं वर खोचलं आणि रोवलेलं धान तुडवत सरळ बाहेर आली. माझ्याजवळून निघून गेली. आईनं मला हाक मारली आणि तुडवलेली रोपं पुन्हा लावायला सांगितलं. टोळीतलं माझं पहिलं काम ते.

त्या ओळीच्या मजुरीवर मी पदवीपर्यंत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आज शाळेत शिकवते ती आईमुळे, आणि हे मी कुणासमोरही सांगते.

मागच्या वर्षी आईचे गुडघे गेले. भिंतीला धरून उठते, तरी रोवणीचं नाव निघालं की लुगडं वर खोचते. अंगणात तिच्या पायांना तेल लावताना मी म्हणाले, "माय, लई केलं तू. आता आराम कर."

तिनं पाय ओढून घेतले.

"काहून? माह्या जागी कोणाले घेतलं?"

"कोणाले नाही माय, तुह्या भल्यासाठी म्हणून राहिली."

आमच्या आणि मोठ्या आईच्या अंगणामधली भिंत कमरेएवढीच आहे. पलीकडच्या ओट्यावर मोठी आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"घे वो, घे आराम," ती आईला म्हणाली. "पोरगी मनापासून देऊन राहिली. मी तं कवाचीच घेऊन राहिली."