नऊ नाणी आणि दोन स्थळं

मला बघायला आलेल्या मुलाला आमच्या घरी पगार कुणी विचारत नसे. तो बायोडाट्यात असायचाच. अण्णा कोडं घालायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, लातूरला गणिताचे मास्तर होते. रिटायर झाले तरी परीक्षा घ्यायची खोड गेली नव्हती. पोह्यांच्या बश्या उचलल्या की टीपॉयवर रुपयाची नऊ नाणी मांडायचे. "दिसायला सगळी सारखी, पण यातलं एक हलकं हाय असं समजा. तराजू दोनदाच वापरायचा. सांगा, कसं हुडकाल?" मुलाकडचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उमरीचा मुलगा आला. शाळेत शिक्षक होता. त्यानं नाणी हातात घेतली, चार-चार मांडली, मोडली, स्वतःशीच हसला. पाव तास गेला. त्याची आई दोनदा "चला की आता" म्हणाली. मग त्यानं तीन नाणी बाजूला सारली आणि थेट मलाच विचारलं, "सगळीच तराजूत घातली पाहिजेत असं काही न्हाई ना?" मी मान हलवली. तिथून पुढं मिनिटभरात सुटलं. तीनला तीन तोलायची. सारखी भरली तर हलकं नाणं बाजूच्या तिनांत, नाहीतर वर गेलेल्या पारड्यात. मग त्या तिनांतली दोनच समोरासमोर ठेवायची. मला तो आवडला. अगदी मनापासून आवडला.

"लई वेळ लावला," पाहुणे गेल्यावर अण्णा म्हणाले. विषय संपला.

पुढच्या रविवारी नांदेडचा इंजिनियर आला, तिथल्याच विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेला. अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं उत्तर सांगून टाकलं. नाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. अण्णांचा चेहरा काय खुलला! मला तेव्हाच शंका आली. अहो, गणितात एम.एस्सी. मीपण आहे. मी विचारणार होते, वेगळं नाणं हलकं की जड हेच माहीत नसेल तर? तोंड उघडलंही होतं. आत्यानं चिमटा काढला. मी ट्रे उचलून आत गेले.

त्याच्याशीच लग्न झालं. नंतर एकदा जेवताना विचारलंच, ते कोडं इतक्या झटकन कसं सुटलं. "क्लासच्या नोट्समध्ये होतं ते," नवरा म्हणाला. "का गं?" काही नाही, म्हटलं.

माणूस वाईट नाही. वेळेवर घरी येतो, भाजीला नावं ठेवत नाही. मी कॉलेजात शिकवते, घरी येते, कुकर लावते. मला काही दुखत नाही. रागही येत नाही. आला असता तर बरं झालं असतं. सहा वर्षं अशीच गेली.

परवा लातूरला गेले होते. दुपारी मी शेंगा फोडत होते, अण्णा पेपर वाचत होते. एकदम म्हणाले, "तो उमरीचा मास्तर भेटला होता बँकेत. मुलगी झाली म्हणे त्याला." त्यांनी पेपर खाली ठेवला. "पसंत होता का गं तुला तो?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?" अण्णांचा आवाज चढला. "मी काय नको म्हणलो असतो?"

माझा हात थांबला नाही. "अण्णा," म्हटलं, "त्या दोघांना विचारलंत तुम्ही. मला कुठं विचारलंत?"