आमच्या घरात ‘गोड’ शब्द बंद होता

लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर माझ्या बायकोने पोलिसांकडून माझी चौकशी करवली. रीतसर, फॉर्म भरून. मी इंग्लंडातल्या मोरकॅम्बच्या रस्त्यांवर उभा जन्म बस चालवली, कुणाच्या आरशाला ओरखडा काढला नाही, आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात बसून बायको मला विचारत होती, “क्लाइव्ह, तुझ्यावर कधी काही गुन्हा?”

“तुझ्याशी लग्न केलं, तेवढा एक.”

“त्याला इथे रकाना नाही,” लोरेन म्हणाली आणि पान उलटलं.

घरी पाळणाघर काढायचं तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची अशी तपासणी होते. लोरेन समुद्रावरच्या बेकरीत काउंटरला होती. गिऱ्हाइकाच्या कडेवरचं पोर रडायला लागलं की हिचं लक्ष पावावरून उडायचं. बेकरी बंद पडली तेव्हा तिने आठवडाभर पडदे धुतले, मग एका सकाळी जाहीर केलं, “मी पोरं सांभाळणार.” मी म्हटलं सांभाळ. त्यात काय, चार खेळणी आणि टोस्टवर बीन्स. केवढा शहाणा होतो मी.

एके दिवशी बाहेरून आलो तर ही बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर रांगत होती. पोराच्या उंचीवरून घरात कुठे काय टोचतं, काय तोंडात जातं, ते बघायचं आणि लिहून ठेवायचं असतं. त्या यादीत माझी आरामखुर्ची निघाली, माझे गळ निघाले, माझा चहासुद्धा निघाला. स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी आली. गरम चहाने ती ओलांडायची नाही. रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं की सिग्नल संपले.

रांगणं तिला जमलं. लिहिण्याशी मात्र गाठ होती. शाळेत एका बाईंनी तिची वही सगळ्या वर्गाला दाखवून म्हटलं होतं, ही मुलगी दुकानात छान शोभेल. हे तिने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर तिने सामानाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. आणि आता पोरं काय करतात, त्यातून काय शिकतात, हे पाहून नोंदी करायच्या होत्या. पाळणाघर रुळलं की सरकारी तपासनीस येणार, पोरांकडे बघणार, लोरेनकडे बघणार, तिच्या नोंदीही वाचणार. शेरा वाईट पडला तर आईबाप पोरं काढून नेतील. लोरेनला त्याहून दुसरीच भीती होती. त्या बाईंचं म्हणणं खरं निघेल, ही.

पोरं दोन आली. ऑटिस, वय तीन, लाल तीनचाकीवाला. आणि टॅबी, अजून रांगणारी, सोफ्याला धरून उभी राहणारी. पहिल्या आठवड्याच्या नोंदी लोरेनने समोरच्या शोनाला दाखवल्या. शोना जुनी खेळाडू, तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांची पोरं आता तिच्याकडे येतात. तिने वाचलं: “टॅबी आज खूप गोड वागली. ऑटिसही गोड होता. दिवस गोड गेला.”

“लोरेन, राणी,” शोना म्हणाली, “हे वाढदिवसाचं कार्ड झालं. नोंद कुठाय?”

लोरेन हसली, पण घरी येऊन फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती खाली काढली ती मीच. कारण लिहायचं कसं हे मला माहीत होतं, निदान एक प्रकार तरी. बसला काही झालं की ड्रायव्हरला अहवाल लिहावा लागतो. समोरचा सायकलवाला मूर्ख होता, असं त्यात चालत नाही. त्याने काय केलं ते लिहायचं. मूर्ख की शहाणा ते वाचणारा ठरवेल. नेमकी त्याच वेळी ऑटिसने मला धडक दिली होती, म्हणून मी नमुनाच लिहून दाखवला:

“वाहन: तीनचाकी, लाल. चालक: ऑटिस. पॅसेजमधून स्वयंपाकघराकडे वळताना चालकाने डावीकडे पाहिलं नाही. पादचाऱ्याच्या घोट्याला धडक. चालक थांबला, घोट्याकडे पाहिलं, ‘दुखलं का क्लाइव्ह?’ असं विचारलं. पुढच्या फेरीत त्याच वळणावर येण्याआधी त्याने घंटी वाजवली.”

लोरेन हसून हसून खुर्चीवर कोसळली. मग डोळे पुसता पुसता थांबली. शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली.

“घंटी वाजवली,” ती हळूच म्हणाली. “अरे, म्हणजे तो शिकला की!”

“मी काय म्हणतोय मग?”

“तू घोट्याबद्दल म्हणत होतास.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘गोड’ शब्द बंद झाला. मी जेवताना पुडिंगला गोड म्हटलं तरी ती डोळे वटारायची. आणि लिहायला लागली ती म्हणता म्हणता पंधरा दिवसांत माझ्या पुढे गेली. मला दिसायचं ते घडून गेलेलं. तिला घडायच्या आधी दिसायचं. ऑटिस चिडण्याआधी उजव्या कानाची पाळी ओढतो, हे तिने लिहिलं. टॅबी चमचा मुद्दाम पाडते, पण तो फक्त फरशीवर पाडते, गालिच्यावर नाही, कारण गालिच्यावर आवाज होत नाही, हेही तिनेच लिहिलं. ते वाचून मी फरशीवर चमचा पाडून बघितला. खरंच, मजा येते. पोरं खेळताना ती आता वही धरून बसत नसे. पोरांबरोबर जमिनीवर असायची आणि पोरं दुपारी झोपली की तेवढंच चार ओळींत उतरवायची.

टॅबीची आई कॅरिस बंदरावरच्या फेरीबोटीवर काम करते. पोरीला न्यायला यायची तेव्हा बोटीच्या डिझेलचा वास घेऊनच यायची. दारात उभी राहून त्या चार ओळी वाचायची, दोनदा. एकदा वाचता वाचता तिचा चेहरा पडला.

“लोरेन, सगळं तुम्हालाच दिसतं हो. दात तुम्हाला दिसला, टाळी तुम्हाला दिसली. मी आपली वाचते.” मग नाक ओढून म्हणाली, “एक कराल? ही चालली ना, तर मला सांगू नका. ते मला बघू दे. पहिल्यांदा.”

“नाही सांगणार,” लोरेन म्हणाली.

आणि चालायला पोरीने दिवस कोणता निवडावा? तपासनीस बाईंचा.

मिसेस ऑल्डरसन नाव. शांत बाई, आल्या आल्या बूट काढून गालिच्यावर बसल्या. लोरेनची मान लाल झाली होती, पण ऑटिसबरोबर ठोकळे रचता रचता ती सावरली. मला काम एकच होतं, पाहुणीला चहा. मी कप घेऊन पिवळ्या पट्टीपाशी आलो आणि शिस्तीत थांबलो. टॅबी सोफ्याला धरून उभी होती. तिने मला पाहिलं, सोफा सोडला आणि निघाली.

एक पाऊल. दुसरं. माझ्या हातात उकळता चहा, पुढे पट्टी आणि पट्टीकडे डुलत येणारी पोर. ड्रायव्हरीत जन्म गेला, पण असा घाम मला कधी फुटला नाही. कप मागच्या मागे फ्रिजवर ठेवला, गुडघ्यांवर बसलो आणि रिकामे हात पुढे केले. टॅबी येऊन माझ्या स्वेटरवर आदळली. ऑटिसने तीनचाकीपाशी धावत जाऊन घंटी वाजवली.

“हे पहिल्यांदाच?” मिसेस ऑल्डरसननी विचारलं.

“पहिल्यांदाच,” लोरेन म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

थोड्या वेळाने पोरं झोपली. बाईंनी फाइल पुढे ओढली. “आता आजची नोंद कशी करता, ते बघू द्या.”

लिहिलं तर कॅरिस दारातच वाचणार. नाही लिहिलं तर तपासायला आलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट नोंदीतून गायब. लोरेनने पेन उचललं, मग खाली ठेवलं. वर्गापुढे जिची वही धरली गेली, ती मुलगी मला त्या क्षणी दिसली.

“चालली, ते मी आज लिहिणार नाही,” लोरेन म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. “तिच्या आईने मला सांगितलंय, ते तिला बघायचंय. मी शब्द दिलाय. आज मी एवढं लिहीन, की टॅबी आधार सोडते, आणि समोर कुणी रिकाम्या हातांनी खाली बसलं की त्याच्याकडे निघायला बघते. हे खरं आहे आणि आईच्या उपयोगाचं आहे. आईने सांगितलं की मग आजचंही लिहीन, आजच्या तारखेने. तुमच्यापासून लपवत नाही. तुम्हाला काय लिहायचं ते तुम्ही लिहा.”

मिसेस ऑल्डरसननी बराच वेळ लिहिलं. काय, ते कळेना. जाताना दारात त्या मला म्हणाल्या, “तुमचा चहा राहिला.” बस्स.

संध्याकाळी कॅरिसने चार ओळी वाचल्या, दोनदा. मग एकदम माझ्याकडे वळली. “क्लाइव्ह, तुम्ही दिवसभर घरीच होता ना? काही पाहिलंत का?”

उभ्या जन्मात मी खोटा अहवाल दिलेला नाही.

“मी चहा करत होतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कॅरिस आली ती धावतच. बोलायला श्वास पुरेना, म्हणून तिने घडी केलेला कागद लोरेनच्या हातात कोंबला आणि पोरीला चालवत आत आणलं. कागदावर लिहिलं होतं:

“मी बाथरूमबाहेर खाली बसले. हात रिकामे. टॅबीने टबाची कड सोडली. चार पावलं चालली, पाचव्याला माझ्या गळ्यात पडली. मदत कुणाची नाही. साक्षीदार: मी.”

लोरेनने तो वाचला. आपणच घालून दिलेली पद्धत, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. माझा ऊर असा भरून आला, की मी उगाच ऑटिसच्या तीनचाकीची हवा तपासायला गेलो. तिच्या चाकांत हवा नसते.

पुढे अहवाल आला. शेरा ‘चांगला’, आणि आत एक वाक्य, की या बाई पाहतात, समजून घेतात आणि आईबापांचं त्यांच्यापाशीच राहू देतात. शोनाने ते मोठ्याने वाचून रस्त्यावर सगळ्यांना ऐकवलं. मी डेपोत ऐकवलं. एका जुन्या दोस्ताने विचारलं, “क्लाइव्ह, ही तुझीच लोरेन का? बेकरीतली?” मी म्हटलं, “तीच. आणि लिहिते बघ कशी.”

पण त्या सकाळी, शेरा यायच्या कितीतरी आधी, तिने कॅरिसचा कागद फाइलमध्ये पहिल्या पानाला लावला. त्याच्या मागे आदल्या दिवसाची राहिलेली नोंद लिहिली, तारखेसकट. मग पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि कॅरिसच्या ओळींखाली तिने दोनच शब्द लिहिले.

“खूप गोड.”