सुतकाचे मोती

भट्टीपुढे मान मोडून काम केलं की माणूस सोनार होतो, असं टेक स्वीला वाटायचं. मलाक्का गावाचं मत वेगळं होतं. जुन्या घरातली एखादी बिबिक, म्हणजे मानाची म्हातारी, आपल्या हातानं दागिन्यांचा डबा तुमच्या हातात देत नाही, तोवर तुम्ही नुसते फुंकणीवाले. टेक स्वी हिरा कोंदणात असा बसवायचा की वरून रेशीम फिरवलं तरी अडकू नये. पण गिऱ्हाईक आलं की दुकानाचे मालक हेंगमामा म्हणायचे, "तू आत जा, आणि तोंड उघडू नकोस."

म्हणून बिबिक गेक निओ दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मामा आतल्या खोलीत पोट धरून पडले होते, ही टेक स्वीला देवाचीच कृपा वाटली.

बिबिकनी डब्यातून मोत्यांचा सर काढला. घरात कुणी गेलं की सोनं आणि हिरे उतरवायचे आणि चांदी-मोती घालायचे, तो हा सुतकातला दागिना. बिबिकच्या घरात कित्येक वर्षांत कुणी मेलंच नव्हतं, त्यामुळे मोती डब्यात पडून पडून शिळ्या भातासारखे दिसत होते.

"मी गेले की सून हा घालून दारात उभी राहणार," बिबिक म्हणाल्या. "आधीच ती दिसायला बेताची. त्यात हे असलं गळ्यात! चमकव."

"दोरा नवा ओवतो, पुसून देतो. पण बिबिक, मोत्याला अंगाची ऊब लागते. कुणीतरी रोज घालायला हवा."

"सुतकाचा सर रोज घालायचा? मी धडधाकट बसलेली असताना? त्यापेक्षा मला खड्ड्यात ढकल ना, मेल्या!"

डबा मिटायला लागला.

"मी घालतो," टेक स्वी बोलून गेला.

आतलं मामांचं कण्हणं एकदम थांबलं.

मग टेक स्वी सर सदऱ्याखाली घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून भट्टीपुढे बसू लागला. घामानं मोती खराब होऊ नयेत म्हणून मधूनमधून आत जाऊन ते मऊ फडक्यानं पुसायचा. "आता कानातही काहीतरी घाल," मामा कुरकुरायचे. मोती मात्र खरोखर उजळत होते. एके सकाळी बांगडीच्या सांध्याला डाग देताना जीव अगदी घुसमटला, तेव्हा त्यानं वरची बटणं सोडली, आणि नेमकी तेव्हाच मासेवाली लिमा दारात डोकावली. बिबिकचा तो सर सगळं गाव ओळखत होतं. तो डब्याबाहेर निघाला म्हणजे बिबिक गेल्याच. लिमा टोपली तिथेच टाकून पळाली.

दुपारपर्यंत बिबिकच्या दारात पांढरी फुलं घेऊन ही गर्दी! आत बिबिक पत्ते खेळत होत्या. रडणं ऐकून त्या दाराच्या फटीशी आल्या आणि तिथेच खिळल्या. "गप बसा सगळे," त्या घरातल्यांना म्हणाल्या, "कोण कोण आलंय ते बघू दे मला."

टेक स्वी धापा टाकत पोचला. आपली सोनारकी आज बुडाली, हे तो पुरतं समजून चुकला होता. तेवढ्यात सून पोह निओ बाजारातून परतली. गर्दी पाहिली, हातातली पिशवी सोडली आणि पायरीवर बसून तिनं हंबरडा फोडला, "आई, आता मी भांडू कुणाशी हो!"

दार उघडलं. समोर बिबिक. पुढचे दोघे फुलं टाकून पळाले.

"ऊठ. भाजी तुडवतायत लोक," बिबिक म्हणाल्या, पण आवाज बसला होता. मग टेक स्वीकडे वळून, "काढ तो सर."

त्यानं काढून दिला. बिबिकनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला, आणि सुनेच्या गळ्यात घातला.

"अहो आई, पण तुम्ही तर..."

"रडून झालं ना तुझं? मग सुतक लागलं. आता रोज घाल."

तेव्हापासून पोह निओ मोती घालूनच अंगण झाडते. नवखं कुणी कुंपणाशी थबकून हळू आवाजात विचारतं, कोण गेलं हो? ती तोंड उघडायच्या आत घरातून हाक येते, "मी! आणि काम टेक स्वीचं आहे, नीट बघून घ्या!"