मेंढक्यांना साक्षीदार एकच

माझी बायको सांगोल्याकडच्या धनगराची लेक. सोलापुरात गिरणीत लागल्यावर आम्ही ख्रिस्ती झालो. येशूच्या जन्माची पहिली वर्दी मेंढक्यांना मिळाली, ह्या एका गोष्टीवर ती ख्रिस्ती झाली म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी गोऱ्या पाद्रीसाहेबांनी समजावलं, की येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात जुनं कोणतं, त्यातून बाकीच्यांपैकी दोघांनी कसं उतरवून घेतलं, आणि मेंढक्यांची गोष्ट चौघांत एकानंच कशी लिहिली.

वाटेत ती म्हणाली, "एका साक्षीवर आमचं पंच शेळीचा निवाडा करत न्हाईत. मग हे बी खोटंच की वो!"

"फुडच्या रविवारी इचार की सायबाला."

तो रविवार तिला मिळाला नाही. तापानं शुक्रवारीच गेली.

पुढं मीच विचारलं. साहेब म्हणाले, "खोटी कशाला? लिहिण्याआधी ती गरिबांच्या तोंडी असेल. बाकीच्यांनी ऐकली नसेल, ह्यानं ऐकली."

बापाच्या तोंडच्या, कुठंच न लिहिलेल्या ओव्या ऐकत वाढलेली बाई ती. तिला हे लगेच पटलं असतं. मला पटून काय उपयोग?