टॉयलेटजवळची खुर्ची

आतड्याच्या सुजेवरचं सलाइन घ्यायला मी कोथरूडच्या ज्या दवाखान्यात जातो, तिथे एक गृहस्थ नेहमी भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेली जादा पँट. टॉयलेटजवळची खुर्ची मिळावी म्हणून ते सगळ्यांच्या आधी येतात. आमच्या आजारात त्याचं कारण कुणी विचारत नाही.

परवा कॉलेजातली एक नवी मुलगी आली. रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याच पांढऱ्या पेशी माझ्या आतड्यावर उठल्यात म्हणे. मी त्यांचं काय बिघडवलंय?"

"अगं, पहारेकरी त्या," ते म्हणाले. "चोर सापडेना की घरच्यांनाच झोडपतात. हे औषध त्यांना जरा खाली बसवतं."

तिची नजर सारखी टॉयलेटच्या दाराकडे जात होती. ते उठले, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

थोड्या वेळाने सलाइनचा स्टँड ढकलत ते घाईने निघाले. अर्ध्या वाटेत थांबले. मग मागे येऊन त्यांनी त्या टोकाच्या खुर्चीवर राहिलेली पँट उचलली आणि आता सावकाश चालत आत गेले.

पँट बदलून बाहेर आल्यावर मुलीला म्हणाले, "पुढच्या वेळी लवकर ये. ही खुर्ची लगेच जाते."