अण्णांच्या रोलमधला शेवटचा फोटो

कॅमेरा घ्यायचं मनात आलं तेव्हा मी आधी वही काढली. सुरतला पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये कापडाची शेड जुळवायचं माझं काम, त्यामुळे घाईने ठरवणं मला जमत नाही. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे फिल्म, उजवीकडे डिजिटल. दोन्हींचे गुण लिहीत जायचे आणि ज्याचा रकाना लांब होईल तो कॅमेरा घ्यायचा. दोन वर्षं लिहिलं. गुण जेमतेम अर्धं पान झाले, किस्से मात्र दोन वह्या भरून.

याला कारण आमची रविवार सकाळची बैठक. डिंडोलीत अण्णांच्या ओट्यावर आम्ही तिघं जमतो. अण्णा मूळचे धुळ्याकडचे, लूमवर जॉबर होते, म्हणजे माग चालू ठेवणारे मिस्त्री, आता निवृत्त. त्यांच्याकडे फिल्मचा जुना कॅमेरा. दुसरा सुनील, गोडादऱ्यात राहतो, लग्नाचे फोटो काढतो, सगळं डिजिटल. तिसरा मी, बिनकॅमेऱ्याचा. सुनील म्हणतो, "भाऊ, तुमचं ठरेपर्यंत कॅमेऱ्याची तिसरीच जात निघेल बाजारात."

परवा मी कॅमेरा घेतला. फिल्मचा. कारण विचाराल तर मी वहीच पुढे करेन.

* * *

सुनीलने एका लग्नात तीन हजार फोटो काढले. सगळे पेनड्राइव्हमध्ये घालून नवरीच्या वडिलांना दिले आणि सांगितलं, "काका, यातले दीडशे निवडा, अल्बम करतो."

काका निवडायला बसले. पहिल्या महिन्यात हळद संपली. मग नवरीची आई बसली, तिने काकांचे निवडलेले रद्द केले. मग व्याह्यांकडून निरोप आला की आमच्याकडची माणसं कमी दिसतात. सुनील दर महिन्याला फोन करायचा. "बस, वरातीपर्यंत आलोय," असं उत्तर यायचं.

सव्वा वर्षाने काकांचाच फोन आला. सुनीलला वाटलं, झालं एकदाचं काम.

काका म्हणाले, "रविवारी नातवाचं बारसं आहे. तूच ये. सगळ्यांचा मिळून एकच अल्बम करू."

मी फिल्मच्या रकान्यात लिहिलं: छत्तीस फोटोत आटपतं.

* * *

पुढच्याच महिन्यात ते खोडावं लागलं.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, अण्णा गच्चीवर पतंगांचे फोटो काढत होते. मोजून काढायचे. छत्तीस झाले, सदतीस झाले. अण्णा खूश. एखादा जास्तीचा निघतो कधीकधी. एकेचाळिसाव्याला मात्र त्यांचा हात थांबला.

सुनील म्हणाला, "अण्णा, न संपणारा रोल कुठून आणला? मलाही सांगा."

रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. दिवसभर कॅमेरा नुसता कटकट वाजत होता, फिल्म जागची हलली नव्हती. आणि हेच अण्णा चाळीस लूमच्या गोंगाटात कोणत्या लूमवर धागा तुटला ते आवाजावरून सांगायचे.

आतून काकू म्हणाल्या, "तठे पगार मिये."

तिथे पगार मिळायचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

* * *

काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. घरात अहिराणीच बोलतात. आणि त्यांचा फोटो नाही. म्हणजे काढला खूप वेळा, पण राहिला एकही नाही.

सुनीलने काढला की त्या लगेच कॅमेऱ्याची पाठ बघायच्या. "पुसी टाक." मान वाकडी आली, पुसी टाक. पदर सरकला, पुसी टाक. एकदा तर फोटो खरोखर छान आला. काकूंनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मी अशी नही दिखत. पुसी टाक."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, योगेशने, बमरोलीत फ्लॅट घेतला. बैठकीत समोरच्या भिंतीवर आईवडिलांचा जोडीने फोटो लावायचा, आणि तो वास्तुशांतीच्या आत, असं त्याने ठरवलं. खिळासुद्धा ठोकून घेतला. फोटो मिळेना तेव्हा त्याने आईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला.

काकूंनी विचारलं, "हाई कोण शे?"

योगेशने खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं.

* * *

आता फ्रिजचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

सुरतच्या उकाड्यात रोल खराब होतात म्हणून अण्णा ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. त्यातही मुदत उलटलेले रोल ते मुद्दाम मागवतात. त्यांचे रंग जरा फिके येतात, ते अण्णांना आवडतं. माझं त्याबाबतीत वेगळं मत आहे, पण रोल त्यांचे.

वास्तुशांतीला तीन आठवडे असताना काकूंनी फ्रिज साफ केला आणि डब्यातले तिन्ही रोल कचऱ्यात टाकले.

अण्णा डोक्याला हात लावून बसले. काकू म्हणाल्या, "तारीख कवयच गयी व्हती. दुधनी तारीख देखतस, यानी नही देखतस?"

राहिला फक्त कॅमेऱ्यातला रोल. त्यातले पस्तीस झाले होते. नवीन रोल मागवायचा, मग धुवायला मुंबईला पाठवायचा, इतके दिवस हातात नव्हते.

* * *

त्या रविवारी काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. अण्णांनी कॅमेरा उचलला.

वर न बघता काकू म्हणाल्या, "काढा. मंग पुसी टाका."

अण्णांनी कॅमेरा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. मागे नुसतं काळं झाकण. "यात पुसता येत नाही," ते म्हणाले. "आणि एकच उरलाय."

काकूंनी त्या काळ्या झाकणाकडे पाहिलं. मेथी गुंडाळली आणि आत गेल्या. सुनील हळूच म्हणाला, "गेला चान्स."

बावीस मिनिटांनी काकू बाहेर आल्या. वास्तुशांतीसाठी आणलेलं पातळ नेसल्या होत्या, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. एक खुर्ची ठेवली, शेजारी दुसरी ठेवली. अण्णा कॅमेरा घेऊन मागे सरकायला लागले.

"तुम्ही कथा चालनात? आठे बठा."

कुठे चाललात, इथे बसा, म्हटल्यावर अण्णा बसले. मग कॅमेरा कोणी धरायचा? सुनीलने हात पुढे केला. अण्णांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "हा घाई करत नाही," म्हणाले. "सगळं लावून ठेवलंय. फक्त दाब."

दोन वर्षं वही भरणाऱ्या माणसाच्या हातात आयुष्यातला पहिला रोल, आणि त्यातला शेवटचा फोटो. मी थांबलो. रिक्षा जाऊ दिली. पदर वाऱ्याने हलत होता, तो बसू दिला. शेड जुळेपर्यंत थांबतो तसा थांबलो.

काकूंनी अण्णांना विचारलं, "काढा का त्यानी?"

काढला का, असं त्या विचारत असतानाच माझं बोट दाबलं गेलं.

* * *

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी फोटो आला. योगेशच्या बैठकीत आम्ही सगळे. अण्णा समोर बघताहेत, ताठ, पासपोर्टला बसावं तसे. काकूंचे डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, अण्णांकडे किंचित वळून हसताहेत.

सुनील म्हणाला, "काकू, काळजी नको. कॉम्प्युटरवर डोळे उघडून देतो. आधार कार्डावरचे लावतो."

काकूंनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला. बोट फोटोतल्या स्वतःवरून सरकून अण्णांवर थांबलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि खिळ्यावरचं कॅलेंडर स्वतःच काढलं.