निवडुंगावरचे पतंग

आईच्या निवडुंगाची मी कायमची वकील. जिंतूरकडच्या आमच्या शेताला तिनं एकेक फडा रोवून निवडुंगाचं कुंपण केलं, तेव्हापासून रानडुकरांनी आमच्याकडे पाठ फिरवली. धाकट्या भावाच्या डोळ्यांत मात्र ते सलायचं. त्यानं यंदा सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट चढवलं आणि मोबाइलवर एका पतंगाचा व्हिडिओ पाहिला. त्याच्या अळ्यांनी ऑस्ट्रेलियात निवडुंगाची रानंच्या रानं फस्त केली होती. ड्रॅगन फ्रूटही निवडुंगाच्याच गोतातलं. झालं, भावाची झोप उडाली.

पोळा झाल्यावर त्याचा फोन आला. "ताई, आला तो पतंग! सापळे भरायलेत. उद्या जेसीबी लावून कुंपणच काढतो."

मी सेलूला शाळेत विज्ञान शिकवते. रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं गेले. जेसीबीवाला चहा पीत होता आणि आई कुंपणाच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसली होती. तिचा चेहरा पाहून मला भावाचा भयंकर राग आला.

कोयत्यानं मी फडे उभे चिरले. "ती अळी घोळक्यानं आत राहते, फडा पोकळ करते. दाखव, कुठंय?" आत नुसता हिरवा, बुळबुळीत गर. "तो पतंग आपल्याकडेही निवडुंग संपवायला मुद्दाम आणून सोडला होता, पण टिकला नाही."

"मग हे काय हाय?" त्यानं सापळ्याची पिशवी पुढं केली. तळाशी करड्या पतंगांचा खच.

मला हसू आवरेना. सापळे कपाशीचे! घरात पडून होते म्हणून त्यानं वासाच्या गोळीसकट कुंपणाला टांगले. ती गोळी गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या वासाची. तिच्याकडे दुसऱ्या जातीचा नर कशाला येईल?

"अरे, हे बोंडअळीचे नर..." बोलता बोलता मीच थांबले. कुंपणाला लागून आमचीच कपाशी होती. ड्रॅगन फ्रूट लावल्यापासून भाऊ तिकडं फिरकला नव्हता.

तो धावत गेला. एक डोमकळी, म्हणजे अळीनं आतून शिवल्यागत मिटलेलं फूल, तोडून उकलली. आत अळी. दुसरीतही अळी.

"आत्ताशी फुलंच लागलीत. सगळ्या डोमकळ्या आजच वेचल्या तर कापूस हातचा जात नाही," मी म्हणाले. मला तशी खात्री होती.

आई उठली. जेसीबीवाल्याला म्हणाली, "बाबा, तू जा." मग पदर खोचला, भावाच्या हातात घमेलं दिलं आणि त्याच्याआधी कपाशीत शिरली.

"माझं कुंपण शाबूत हाय," ती म्हणाली. "चल, आता तुझी कपाशी वाचवू."